दोन बोटं

ऑक्टोबर उजाडला की आमच्या गावावर
आभाळाला भोक पडतं.
गंमत नाही. रेडिओवर सांगतात,
खेकड्यांच्या भावानंतर, वाऱ्याच्या आधी :
आज ऊन लाल.
म्हणजे थंडीनं दात वाजत असतात
आणि तरी भाजतं.

बाबांना हे पटत नाही.
चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या त्यांनी
पुंता आरेनासच्या उत्तरेला,
जिथं झाडंसुद्धा वाऱ्याला पाठ करून वाढतात.
त्यांचा चेहरा म्हणजे
कुंपणावर विसरून राहिलेलं खोगीर.
हात मात्र बाळाच्या टाळूसारखे.
लोकरीतलं तूप
रोजच्या दीडशे मेंढ्यांचं
न मागता मुरत गेलं तळव्यांत.
चेहऱ्याला कुणी मेंढी भेटली नाही.

ऑगस्टमध्ये डाव्या कानाच्या पाळीवरून
डॉक्टरीणबाई ब्राहोविचनी
मसुरीएवढा तुकडा काढला.
तीन टाके.
वेळेत आलात, म्हणाल्या,
आणि चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या नाहीत,
सकाळ लिहिली :
कोमट पाणी, घासायचं नाही,
कातडी ओलसर असतानाच क्रीम,
वरून उन्हाचं मलम, दोन बोटं भरून.
बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.
रात्री धुणं आणि क्रीम, बास.

"दोन बोटं?" बाबा म्हणाले.
"मी काय बोहल्यावर चढतोय?"

मी औषधांच्या दुकानात काम करते.
हेच सगळं दिवसातून वीसदा सांगते
काउंटरपलीकडच्या परक्या गालांना.
घरी तोंड उघडेना.
बाबा म्हणजे सगळं मनाला लावून घेणारा माणूस,
तोंडाला मात्र जन्मात काही लावलं नाही.

बाटली न्हाणीघरात ठेवली. तशीच राहिली.
आरशाशी ठेवली,
तर त्यांनी आरशाकडे बघणं सोडलं.
शेवटी मातेच्या किटलीला टेकवून ठेवली.
किटलीला ते चुकत नाहीत,
आई गेली त्या सकाळीही चुकले नव्हते.

पहिला आठवडा कावळ्याची अंघोळ.
दुसऱ्यात भुवयांत पांढरे गोळे,
मानेवर काहीच नाही.
मी हसले नाही. (एकदा हसले.)
तिसऱ्यात ध्यानात आलं,
सगळीकडे जातो त्यांचा हात,
डाव्या कानाशी आला की परत फिरतो.

मग मीच मागे जाऊन उभी राहिले.
पाळी थंडगार होती.
टाक्यांची जागा मऊ, जरा लाजल्यासारखी.
चौतीस वर्षांची झाले,
बाबांचा कान पहिल्यांदा हाताला लागला.

ते खिडकीकडे बघत बोलले,
"आभाळच फाटलंय, नेलीदा.
ठिगळ कुठं कुठं लावशील?"

"इथं," म्हटलं. "आधी इथं."

त्यावर काही बोलले नाहीत.
किटली शिट्टी घालत राहिली.

नाताळच्या सुमारास दुकानातून परतताना पाहिलं :
धक्क्यावरच्या बाकावर बाबा
आणि रोखेलिओ, त्यांचा जुना कातरी-भाऊ,
नाक सोललेलं, टोपी मांडीवर.
"दोन बोटं म्हणजे दोन बोटं," बाबा सांगत होते,
"मीठ टाकल्यासारखं चिमटीनं नको.
आणि घासू नकोस रे, मेंढी आहे का ती!"
मी रस्ता ओलांडून पलीकडून गेले.

काल बाटली संपली.
नवी आणते म्हटलं तर
त्यांनी फळीवरची कातरी काढली,
गंज पुसला,
बाटली गुडघ्यांत धरली,
मानेपासून पोटापर्यंत एका फटक्यात उघडली,
आत कुठं ओरखडासुद्धा नाही.
मग बोटानं कडा निपटत म्हणाले,
"थांब. अजून तीन सकाळी आहेत हिच्यात."